दुपारी एक ते चार

भाच्याच्या लग्नासाठी कुर्ता घ्यायला विमाननगरच्या मॉलमध्ये गेले होते. बिल झालं, कागदी पिशवी हातात आली आणि काउंटरपलीकडच्या मुलीने एक छोटा टॅब माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, फीडबॅक देता का प्लीज? माझा कोड टाकलाय." आजच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, असा प्रश्न आणि त्याखाली पाच पोकळ चांदण्या. मी पाचही भरल्या. तिने त्या कमावल्या होत्या. मी उचललेला मोतिया रंग तिने हळूच बाजूला ठेवला होता, "ज्यांच्यासाठी घेताय ते सावळे आहेत ना? मग मेंदी रंग बघा, या मोतियात चेहरा उतरलेला दिसेल," असं म्हणून. हवा तो साइज मांडणीत नव्हता, तर आत गोदामात जाऊन शोधून आणला. बगलेतली शिलाई उलटून दाखवली, आत माया किती सोडलीय ते सांगितलं, म्हणजे लागलाच तर शिंप्याकडून सैल करून घेता येईल. एवढं नीट मला कुणी कपडा दाखवून बरेच दिवस झाले होते. टॅब परत देताना मी सहज विचारलं, "आणि तू? तू किती समाधानी आहेस?" ती हसली. "मी ना? मी खूश आहे. मला आवडतं हे काम." मघापासून 'मॅडम' म्हणत होती, ते सोडून पुढे म्हणाली, "खरंच आवडतं, काकू."

ती खोटं बोलत नव्हती. आयुष्यभर वर्गापुढे उभं राहिल्यावर एवढं कळतं. पण त्याच वेळी बिलाचा कागद माझ्या हातून खाली पडला, तो उचलायला मी वाकले आणि काउंटरच्या खालच्या फटीतून तिचे पाय दिसले. एक पाय काळ्या बुटातून बाहेर काढून तिने दुसऱ्या पावलावर टेकवला होता. मोज्याची टाच विरली होती. मी कागद उचलेपर्यंत तिने पाय बदलला, सवयीने, वरचं बोलणं जराही न थांबवता. काउंटरमागे बसायला काहीही नव्हतं. स्टूल मावेल एवढी जागा होती, तिथे हँगरचे गठ्ठे रचले होते.

तिचं खूश असणंही खरं आणि तो बदललेला पायही खरा, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

मी कॉमर्सच्या मुलांना व्यवस्थापन शिकवायचे. नोकरीतलं समाधान या प्रकरणात फ्रेडरिक हर्झबर्ग हमखास यायचा. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनशेएक अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना विचारलं होतं, की कामावर तुम्हाला विशेष बरं कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी वाटलं. त्यातून १९५९ मध्ये त्याने मांडलं, की समाधान आणि असमाधान ही एका दोरीची दोन टोकं नव्हेत. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम हे बिघडलं की माणूस त्रासतो. पण हे सुधारलं म्हणून तो खुलतोच असं नाही. खुलतो तो काम जमल्याने, कुणीतरी त्याची दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने, मुळात कामातच रस असल्याने. मी फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे त्रासाच्या गोष्टी, उजवीकडे खुलवणाऱ्या; मुलं ते उतरवून घ्यायची, परीक्षेत दहा मार्कांना लिहायची. कुर्त्याच्या त्या दुकानात दोन्ही रकाने एकाच मुलीत उभे होते. उजवा रकाना भरलेला, डावा रिकामा. उत्तर लिहायला हे उदाहरण चांगलंच होतं. पण मला त्याचा आनंद होईना, कारण टॅबवर जर तिलाच चांदण्या भरायला दिल्या असत्या, तर तिने मनापासून पाच भरल्या असत्या. मग त्या चांदण्या कुठल्याशा तक्त्यात गेल्या असत्या आणि आमचे कर्मचारी समाधानी आहेत असं कुणीतरी बैठकीत दाखवलं असतं. त्या तक्त्यात पाय कुठे आले असते?

माझे भाऊकाका लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात होते. नोकरी लागली ती तिथे आणि संपली तीही तिथेच. आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो, दुकान चालत पाच-सात मिनिटांवर. आई मला निरोप घेऊन पाठवायची, त्यामुळे ते दुकान मी आतून पाहिलेलं आहे. चपला बाहेर काढायच्या, पांढरीशुभ्र चादर घातलेली लांबलचक गादी, लोड, नव्या कापडाचा खळीचा वास. गिऱ्हाईक गादीवर बसायचं आणि भाऊकाकाही समोर मांडी घालून बसायचे. एकेक घडी सोडत जायची, काठ दाखवायचा, मग पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा. मिशावाला माणूस असा पदर घेऊन बसलेला पाहून मला फार हसू यायचं, पण आलेल्या बायका अजिबात हसायच्या नाहीत, त्या पदराकडे बघायच्या. नारायणपेठ कुठली, इरकल कुठली, महेश्वरी कुठली, हे त्यांना अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कळायचं. लग्नसराईत बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी यायची, अर्धा अर्धा दिवस बसायची. चहा यायचा, मुलीकडच्यांना परवडत नसलेली साडी मुलाकडच्यांनी मागितली की भाऊकाका तिच्यातलं काहीतरी उणं काढून दुसरी पुढे करायचे. कुणाचाही पाणउतारा न होता बस्ता पार पडला की त्या रात्री ते घरी वेगळेच दिसायचे. "आज तीन बस्ते झाले," एवढंच म्हणायचे, आणि काकू त्यांना आणखी एक पोळी वाढायची.

मात्र ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पगार तुटपुंजाच होता, काकू घरी शिवणकाम करायची म्हणून मुलांची शिक्षणं झाली. मालकांशी बोलताना भाऊकाकांचा आवाज बारीक व्हायचा, हे मला लहानपणीही आवडायचं नाही. मालक त्यांच्याहून वयाने लहान होते आणि अरे-तुरे करायचे. वर रचलेले गठ्ठे काढायला दिवसभर गादीवरून ऊठबस चालायची, त्याने गुडघे गेले ते गेलेच. निवृत्तीला शाल, नारळ आणि पाकीट मिळालं. त्या पाकिटात किती होते हे काकूने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पण दुपारी एक वाजता दुकान बंद व्हायचं.

पुण्याची दुकानं दुपारी बंद असतात यावर इतके विनोद झालेत, की आता परगावच्या माणसाला पुण्याबद्दल दुसरं काही ठाऊक नसलं तरी एवढं ठाऊक असतं. दुकानदाराचा ताठा, गिऱ्हाइकाची बेफिकिरी, पाटी, वामकुक्षी. मी ते विनोद ऐकते तेव्हा मला गल्ल्यावरचा मालक आठवत नाही, भाऊकाका आठवतात. सव्वा वाजता घरी, पाय धुऊन पानावर, आमटी-भात, मग माजघरात चटईवर आडवे. आम्हा मुलांना वाड्याच्या चौकात चेंडू खेळायला बंदी, कारण एकटे भाऊकाका नाही, शेजारच्या खोलीतले भांड्यांच्या दुकानातले जोशी आजोबा झोपलेले, वरच्या मजल्यावरचे औषधांच्या दुकानातले काका झोपलेले. पेठेत दुपारी जी शांतता असायची ती मालकांपेक्षा नोकरमाणसांच्या झोपेची होती. साडेतीनला चहा, तोंडावर पाण्याचे हबके, धुतलेली टोपी, की माणूस पुन्हा ताजा होऊन रात्री साडेआठपर्यंत साड्या उलगडायला तयार. कुणा युनियनने ती सुट्टी लढून घेतली नव्हती, कायद्यात ती लिहिलेली नव्हती. शहराच्या सवयीने ती दिली होती. गिऱ्हाईकही घरी जेवून झोपत होतं, म्हणून विकणाऱ्यालाही झोपता येत होतं.

आता गिऱ्हाईक झोपत नाही. मीही नाही, कुर्ता घ्यायला मी अडीच वाजता गेले होते, गर्दी नसते म्हणून.

माझा एक जुना विद्यार्थी हडपसरच्या बाजूला एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाचा मॅनेजर आहे. त्याने सुरुवात फ्लोअरवरच केली, शर्टांच्या घड्या घालण्यापासून. अधूनमधून घरी येतो. त्याला मी त्या बुटाबद्दल सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "मॅडम, सगळेच तसं करतात. पहिल्या महिन्यात टाचा, मग पोटऱ्या, मग कंबर. तीन महिन्यांत एकतर सवय होते नाहीतर माणूस सोडून जातो." सोडून जाणारेच जास्त, आणि त्यामुळे वर्षभर त्याची निम्मी शक्ती नवीन मुलं शिकवण्यात जाते. त्याने त्याच्या जगाची भाषा मला समजावून दिली. दारातून किती लोक आत आले तो फुटफॉल, त्यातल्या किती जणांनी बिल केलं ते कन्व्हर्जन, एका बिलात सरासरी किती नग. रोज सकाळी शटर वर जायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून कालचे आकडे वाचायचे आणि आजचं टार्गेट द्यायचं. टार्गेट झालं तर इन्सेंटिव्ह, आणि ते बहुतेक वेळा सगळ्या स्टोअरचं मिळून असतं, त्यामुळे पावसाने गिऱ्हाईक आलं नाही तर तुम्ही कितीही छान बोललात तरी हातात काही पडत नाही. मी विचारलं, एखादं स्टूल ठेवलं तर? तो म्हणाला, "ऑडिटला येतात ना. स्टाफ बसलेला दिसला तर मार्क जातात. बसलेला माणूस आळशी दिसतो असं वरच्यांना वाटतं." त्याच्या स्वतःच्या केबिनमध्ये खुर्ची आहे. त्यावर तो फारसा बसत नाही, असं तो म्हणाला, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

मग मी वाचत सुटले, शिकवण्याची खोड जात नाही. बसण्यासाठी कायदा करावा लागला आहे, एकदा नव्हे अनेकदा. ब्रिटनमध्ये १८९९ साली फक्त एवढ्यासाठी कायदा झाला: दुकानात कामाला असलेल्या दर तीन बायकांमागे निदान एक आसन हवं. सव्वाशे वर्षं होऊन गेली त्याला. आपल्याकडे कोळिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या कापडदुकानांत बायकांना दिवसभर टेकू द्यायचे नाहीत, लघवीला जायचीसुद्धा चोरी. त्या बायका संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसायच्या सोयीची सक्ती घातली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात कामाचे तास दिवसाला ९ धरले होते, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास आणि सलग ५ चे ६ तास करायला मंजुरी दिली. ती बातमी मी सकाळी चहा घेताना वाचली होती आणि पान उलटलं होतं. कार्यालयात खुर्चीवर बसून केलेला सहावा तास आणि ट्रायल रूमच्या दाराशी उभ्याने काढलेला सहावा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बातमीत कुठे नव्हतं.

लग्न होऊन गेल्यावर कुर्त्याची बाही आखूड करून घ्यायची म्हणून पुन्हा त्या मॉलला गेले. ती फ्लोअरवर नव्हती. ब्रेकवर आहे, असं कळलं. मॉलच्या मागच्या बाजूला, माल उतरवायची जागा असते तिकडे, स्टाफचं दार आहे. पुढच्या बाजूला अत्तराचा आणि भाजलेल्या मक्याचा वास, इथे ओल्या पुठ्ठ्याचा आणि डिझेलचा. सुरक्षारक्षक आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. मुली डबे, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या काढून दाखवत होत्या, त्यातली एक तेवढ्यात फोनवर बोलतही होती. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, मला वाटत होतं. ती बाहेरच्या चहाच्या टपरीपाशी कट्ट्यावर बसली होती, बूट काढून. मला पाहून गडबडीने पाय आत घालायला लागली, मी म्हटलं राहू दे ग, आणि शेजारी बसले.

श्रीगोंद्याकडची मुलगी. बारावीनंतर आली, चंदननगरला तिघीजणी मिळून एक खोली घेतलीय. हातात चौदा हजारांच्या आसपास येतात, त्यातले चार घरी जातात. आई कांद्याच्या रानात कामाला जाते. "तिच्या मानाने मी सुखात आहे. एसी आहे, ऊन लागत नाही, अंगावर चांगले कपडे असतात." हे सांगताना तिच्या आवाजात कसलाही खेद नव्हता. मला मात्र ते ऐकवेना. रानातल्या उन्हाशी ताडून पाहिली तर कुठलीही नोकरी बरीच ठरेल, आणि त्या उन्हाचा फायदा तिला कामावर ठेवणाऱ्यांना मिळतोय. ती समाधानी आहे म्हणून तिला कमी द्यायचं, हा हिशेब मी कुठल्याच रकान्यात बसवू शकत नाही.

पण मग मी तिला विचारलं, आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं? आणि तिचा चेहरा उजळला. मागच्याच आठवड्यात शिरूरकडून एक म्हातारे बाबा आले होते, धोतर, टोपी, हातात काठी. नातवासाठी कोट हवा होता. दाराशीच थबकले, गुळगुळीत फरशी बघून चपला काढायला लागले. बाकीचे बघत राहिले, ही धावली. "बाबा, चपला राहू द्या, या." त्यांच्या बोलीतच बोलली, गाव विचारलं, सोयरीक कुठली विचारली. नातू बरोबर नव्हता, माप ठाऊक नाही; बाबांनी हात वर करून दाखवलं, एवढा उंच. हिने स्टोअरमधली तीन मुलं रांगेत उभी केली आणि विचारलं, यातल्या कुणासारखा? बाबांनी बिलिंगवरच्या मुलाकडे बोट दाखवलं. त्याच्या अंगावर कोट चढवून बघितला. "सव्वा तास गेला काकू. एकच बिल. त्या दिवशी माझा आकडा काहीच नव्हता, सर बोलले. पण बाबा जाताना डोक्यावर हात ठेवून गेले." आणि कोट परत आला नाही, हे तिने दोनदा सांगितलं. परत आला नाही म्हणजे माप बरोबर बसलं.

भाऊकाकांनी पदर खांद्यावर टाकताना जे केलं, तेच हिने बिलिंगवरच्या मुलाच्या अंगावर कोट चढवून केलं होतं. हा हात तिला कुठल्या ट्रेनिंगने दिला नाही, आणि त्यासाठी तिला एक रुपया जास्त मिळत नाही. उलट त्या सव्वा तासाचं बोलणं खावं लागलं. तिच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग त्यांच्या मोजमापात बसतच नाही. आकड्यांनी चालणाऱ्या दुकानात ही कला टिकते ती अशा मुलींच्या स्वभावाच्या जोरावर, आणि ती टिकते तोवर मॉल आपल्याला माणसांचा वाटतो.

मी तिला विचारलं, उद्या दुकान तुझ्या हातात दिलं तर सगळ्यात आधी काय करशील? उत्तर मला ठाऊक होतं, स्टूल. तिने चहाचा कप खाली ठेवून नीट विचार केला. "रोस्टर," म्हणाली. "आठवडाभर आधी लावीन. आता वीक ऑफ कधी ते आदल्या रात्री ग्रुपवर कळतं. मग गावाला जाता येत नाही, एसटी पकडायची कधी? दवाखान्याची वेळ घेता येत नाही. झोप पण ठरवून घेता येत नाही, आज ओपनिंग तर उद्या क्लोजिंग." आणि स्टूल? "मिळालं तर बरंच आहे की. पण आधी रोस्टर." तिची अर्ध्या तासाची वेळ संपत आली होती. बूट घालताना तिने सांगितलं, की दिवाळीच्या आधी महिनाभर वीक ऑफ मिळतच नाहीत, नंतर देतो म्हणतात, मग कोण विचारतंय.

भाऊकाकांना त्यांची दुपार कुणी आदल्या रात्री कळवत नव्हतं. ती रोज एक वाजताच यायची, म्हणून काकू आमटी साडेबाराला टाकायची.

त्या रविवारी माझा विद्यार्थी आला तेव्हा मी त्याला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. स्टूल त्याच्या हातात नाही, पण रोस्टर आहे. त्याच्या दुकानात तो आठवडाभर आधी लावता येईल, असं तो कबूल झाला. सणाचे दिवस सोडून, म्हणाला. सणाचे दिवस धरून, मी म्हटलं. "मॅडम, तेव्हा किती माणसं लागतील हे मलाच आदल्या दिवशी कळतं." दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेलं असतं, हे मी त्याला दाखवलं. तो टार्गेटचे कागद घेऊन पुन्हा येणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, की कागदांबरोबर मागच्या दिवाळीतले बाकी राहिलेले वीक ऑफही मोजून आण.